पहिले ५० तास कोणाचे?

"शेतकऱ्याला यंत्र वापरायची अक्कल नाही." ट्रॅक्टरच्या शोरूमच्या मागच्या अंगाला, जिथे वर्कशॉप असते तिथे, हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येते. पुढच्या अंगाला, जिथे गुळगुळीत फरशी आणि डोक्यावर पंखा असतो, तिथे हाच शेतकरी 'शेठ' असतो, 'दादा' असतो. त्याला चहा मिळतो, फेटा मिळतो, हातात मोठी पुठ्ठ्याची चावी देऊन फोटो काढला जातो. फेटा बांधण्यापासून अक्कल काढली जाईपर्यंत जो बिघाड होतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा ट्रॅक्टरच्या पहिल्या ५० तासांत असते. आणि या ५० तासांबद्दल विकणारा बोलत नाही, कर्ज देणारा बोलत नाही, अनुदान देणारा तर नाहीच नाही.

तालुका बैठकांत नव्या ट्रॅक्टरच्या ज्या तक्रारी आमच्याकडे येतात, त्यांचा साचा एकच आहे. दसऱ्याला किंवा पाडव्याला ट्रॅक्टर घेतला. वर्षाच्या आत, चार-पाचशे तासांवर, इंजिन ऑइल खाऊ लागले. दर दोन दिवसांनी गेज काढावा तर ऑइल खाली. सायलेन्सरमधून निळसर धूर. चढाला ट्रॅक्टर दम टाकतो. वॉरंटीत आहे म्हणून शोरूमला नेला, तर वरवर पाहून निकाल दिला जातो: "रनिंग-इन नीट केले नाही, क्लेम बसत नाही." मग लायनर, पिस्टन, रिंगा, मजुरी असा सगळा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर. ट्रॅक्टर महिनाभर उभा. सहामाही हप्ता मात्र उभा राहत नाही.

आम्हाला याचे नवल वाटत नाही. बियाणे उगवले नाही तर शेतकऱ्याने खोल पेरले. फवारणी करून कीड मेली नाही तर त्याने औषध कमी घातले. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला, तेव्हाही शेतकऱ्यालाच पहिला प्रश्न होता, "पेरणी किती खोल केली होती?" बियाण्याला जो न्याय तोच लोखंडाला. विकताना माल चांगला, बिघडल्यावर शेतकरी वाईट.

तेव्हा आधी एका प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे. रनिंग-इन नीट केले नाही, हे मान्य. पण नीट म्हणजे कसे, हे त्याला सांगितले कोणी?

डिलिव्हरीच्या दिवशी शेतकरी दहा-बारा ठिकाणी सह्या करतो. नोंदणीचे कागद, विम्याचे कागद, गहाणखताचे कागद, बहुतेक इंग्रजीत. त्यातच एक कागद असतो, की सर्व सूचना मला समजावून सांगितल्या. समजावले काय असते? "थोडे दिवस हळू चालवा, भाऊ." बस. सात-आठ लाखांच्या यंत्राचे सगळे शिक्षण एवढ्यात संपते. आणि हा सल्ला नुसता अपुरा नाही, तो चूक आहे. तो पाळणाऱ्याचे इंजिन न पाळणाऱ्याइतकेच बिघडू शकते. का, ते समजून घेऊ. कृषी महाविद्यालयात आम्ही डिझेल इंजिनाचे चार स्ट्रोक पाठ करून पदवी घेतली, आकृत्या काढून गुण मिळवले. नवे इंजिन पहिल्या आठवड्यात कसे चालवावे हे मात्र त्या अभ्यासक्रमात नव्हते. शिकवले ते गावोगावच्या मिस्त्र्यांनी.

नव्या इंजिनाचा लायनर आतून आरशासारखा नसतो. त्यावर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ओढलेल्या असतात. जात्याला टाकी लावतात, तसाच प्रकार. रेघांच्या खाचेत ऑइल टिकते आणि रेघांच्या उंच कडांवर पिस्टनच्या रिंगा घासून दोघे एकमेकांच्या मापाचे होतात. हे घासणे व्हावेच लागते आणि ते सुरुवातीच्या तासांतच व्हावे लागते. आता रिंगेला लायनरवर दाबून कोण धरते? थोडी तिची स्वतःची स्प्रिंग. पण खरी ताकद वर जळणाऱ्या वायूची. हा वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. इंजिनावर भार असेल तर डिझेल जास्त जळते, दाब जास्त, रिंग घट्ट. भार नसेल तर दाब कमी, रिंग सैल. सैल रिंगेमागे राहिलेले ऑइल लायनरवर भाजत जाते आणि रेघांवर काचेसारखा थर चढतो. तो थर एकदा जमला की रिंग बसत नाही. खालचे ऑइल वर जाऊन जळते, वरचा वायू खाली ऑइलच्या टाकीत उतरतो आणि ब्रीदरमधून इंजिन ढेकरा देऊ लागते. मग इंजिन खोलून लायनर पुन्हा घासून घेण्यावाचून इलाज उरत नाही.

म्हणजे 'हळू चालवा' हे प्रामाणिकपणे पाळणारा सज्जन माणूसच फसतो. तो नव्या ट्रॅक्टरला जपतो. रिकामाच गावात फिरवतो. मंद रेसवर तासभर उभा ठेवतो, 'मोकळा होऊ दे' म्हणून. आमच्याकडे तर ट्रॅक्टरची पहिली तीन तासांची चाल म्हणजे मिरवणूक. मारुतीच्या देवळापासून वेशीपर्यंत, मागे डीजे, पुढे पोरे, ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने. हौस करावी, आमची ना नाही. लक्ष्मी घरात आली आहे. पण नारळ फोडून पेढे वाटले की इंजिन बंद करावे. थंड इंजिन मंद रेसवर ठेवले की डिझेल नीट जळत नाही, ते लायनरवरचे ऑइल धुऊन खाली उतरते आणि ऑइल पातळ होते. गेजवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. त्यात डिझेल किंवा पाणी मिसळले आहे.

दुसरी चूक उलट्या टोकाची, आणि ती हौसेने नव्हे, गरजेने होते. दसऱ्याला ट्रॅक्टर आला आणि दिवाळी झाली की कारखान्याची धुराडी पेटतात. नवाकोरा ट्रॅक्टर सरळ ऊस वाहतुकीला जातो, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दांडीच्या वर हातभर. रिंगा अजून बसलेल्या नाहीत, लायनरच्या कडा तीक्ष्ण आहेत, बेअरिंगे नवी आहेत आणि वरून चढाला वरचा गिअर टाकून पाय दाबून धरलेला. काळा धूर निघतो आणि आपण म्हणतो, बघा कसा ओढतोय. तो ओढत नसतो, गुदमरत असतो. त्या उष्णतेत ऑइलचा पदर फाटतो आणि रिंग लायनरला ओरखडे काढते. हे ओरखडे भरून येत नाहीत.

यंत्र आपले नव्हे म्हणून हे कळत नाही, असे कोणी म्हणेल. खोंड तर आपले आहे ना? दोन दाती खोंड कोणी पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही, आणि गोठ्यात बांधून ठेवून त्याला कोणी शिकवतही नाही. जुन्या बैलाच्या जोडीला लावून आधी रिकामी गाडी, मग कुळव, मग पाभर. खांदा आलेला दिसला की दोन दिवस सुट्टी. खांदा कडक झाला की मग नांगर. हे शास्त्र आपल्या बापजाद्यांना इंग्रजी पुस्तिका वाचून आले नव्हते. ट्रॅक्टरला नेमके तेच लागते: काम पाहिजे, पण चढत्या पायरीने, भार पाहिजे, पण मध्ये उसंत देऊन.

आमचे सांगणे असे. पहिला मान कंपनीच्या पुस्तिकेचा. काही नव्या इंजिनांची पुस्तिका सुरुवातीपासूनच नेहमीचे काम करा म्हणते, काहींची अर्धा भार सांगते. जे लिहिले असेल ते धरावे, कारण क्लेमच्या वेळी तेच पुढे येते. पुस्तिकेत खुलासा नसेल तर पहिले १० तास अर्धी ट्रॉली शेणखत, कुळवणी, सपाट रस्ता. त्यानंतरचे १५ तास फणपाळी, पेरणी, एक भरलेली ट्रॉली. २५ च्या पुढे वाफशावरची उथळ नांगरट आणि मऊ रानात रोटाव्हेटर. काळ्या भारी रानातली उन्हाळी नांगरट आणि दुहेरी ट्रॉली ५० नंतर. पाव तास जोर, मग दोन-चार मिनिटे ढील. दिवसभर एकाच रेसवर मळणी यंत्र चालवणे पहिल्या आठवड्यात टाळावे. सकाळी चालू केल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून हलके काम सुरू करावे, कारण इंजिन उभे राहून नीट तापत नाही, कामावर तापते. आणि कोणी मिस्त्री 'उन्हाळ्यात गरम होते' म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायला निघाला, तर त्याचा हात धरावा. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन थंडच राहते, आणि थंड इंजिनात रिंगा बसत नाहीत. ट्रॅक्टर गरम होत असेल तर जाळीतला भुसा आणि पंख्याचा पट्टा बघा.

गेज रोज सकाळी, सपाट जागी. एअर क्लीनर धुळीच्या कामात रोज. बाजारात बाटलीत मिळणारी ताकदीची औषधे इंजिनात घालू नयेत आणि सुरुवातीच्या ऑइलात दुसरे, 'भारीतले' ऑइल मिसळू नये. फार निसरडे ऑइल या काळात फायद्याचे नसते. ५० तासांवर किंवा पुस्तिकेत असेल त्या तासाला ऑइल आणि फिल्टर बदलणे चुकवायचे नाही. टाकी लावलेल्या जात्याचे पहिले पीठ आपण खात नाही, त्यात कच असते. या पहिल्या ऑइलातही लोखंडाची कच असते. हात घालून चोळून बघा, समजेल. त्याच वेळी टॅपेट, हेडचे नट, होजच्या क्लिपा तपासून घ्याव्यात, आणि मेकॅनिक ते करत असताना आपण चहाला जाऊ नये.

एक बारीक गोष्ट. काटा असलेल्या जुन्या धाटणीच्या मीटरचा तास घड्याळाचा नसतो. इंजिनाचे ठरावीक फेरे झाले की त्याचा एक तास होतो, म्हणून मंद चाललेल्या इंजिनाचे मीटर घड्याळाच्या मागे राहते. तेव्हा एक वही घाला. तारीख, काम, तास, ऑइल. ही वही पुढे उपयोगी पडते, कशी ते खाली येईल.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचेही तत्त्व हेच. फरक एवढाच, की ते एका जागी एका वेगावर चालते, म्हणून भार आपण कमी-जास्त करायचा. सेंट्रिफ्यूगल पंप असेल तर पहिले काही तास डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवला की भार उतरतो. मग हळूहळू उघडत न्यावा. नुसते रिकामे फिरवत ठेवू नये.

आता कोणी विचारेल, एवढे सोपे आहे तर शेतकरी करत का नाही? इथे प्रश्न इंजिनाचा राहत नाही.

२०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी खातेदाराकडे १.३४ हेक्टर जमीन आहे, म्हणजे सव्वातीन एकर. ट्रॅक्टर परवडायचा तर तो वर्षाला हजार तास चालावा, असा हिशेब आम्हाला कॉलेजात शिकवला होता. सव्वातीन एकरात मशागत, पेरणी, वाहतूक धरून ५० तास भरायला वर्ष जाते. म्हणजे स्वतःच्या रानात नुसते रनिंग-इन करायचे म्हटले तरी वर्ष! उरलेले साडेनऊशे तास तो आणणार कुठून? भाड्यातून. आणि रोख देणारे भाडे कोणाचे? उसाचे. वाहतुकीचा करार झालेला, उचल घेतलेली, टोळी फडात उतरलेली. त्या माणसाला 'दादा, आठ दिवस अर्धीच ट्रॉली भर' म्हणणे म्हणजे त्याच्या हप्त्याची चेष्टा करणे आहे. पिकाला भाव मिळाला असता तर त्याने ट्रॅक्टर शेतीसाठी घेतला असता, ट्रॅक्टर फेडण्यासाठी शेती सोडून रस्त्यावर उतरला नसता. इंजिनाचा लायनर घासतो तो आधी शेतमालाच्या भावात घासलेला असतो.

आणि सरकारला हे ठाऊक नाही असे समजू नका. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची शेतयंत्रांची चाचणी संस्था आहे. तिथे कस लावायला आलेल्या ट्रॅक्टरचे आधी कंपनीच्या सूचनेप्रमाणे रनिंग-इन केले जाते आणि अहवालात तशी नोंद असते. त्यानंतर ताकद मोजतात. त्याच चाचणीच्या जोरावर अनुदानाच्या यादीत नाव चढते. म्हणजे कंपनीचा ट्रॅक्टर सरकारच्या दारात जातो तेव्हा तो शिकवलेला असतो, शेतकऱ्याच्या दारात येतो तेव्हा अडाणी असतो, आणि अडाणी ठरतो शेतकरी. २०२५ च्या सप्टेंबरात ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बरे झाले. कमी झालेल्या किमतीचा आकडा जाहिरातीत वीतभर अक्षरात छापला गेला. पहिल्या ५० तासांचा मजकूर अजून पुस्तिकेच्या पोटात, मुंगीच्या अक्षरात आहे.

शोरूमवाले म्हणतील, पुस्तिका दिली होती, वाचली नाही हा आमचा दोष का? याला उत्तर कायद्यातच आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तीत ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणेसुद्धा येते. ज्या सूचनेवर वॉरंटी टिकते किंवा जाते, ती सूचना समजावली नाही आणि समजावल्याची सही मात्र घेतली, याला दडवणे म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? दुसरे बोट ते दाखवतात 'धंद्याचे वाहन' म्हणून. तेही टिकणारे नाही. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार हा ग्राहकच आहे, असे कायदा म्हणतो, आणि शेतकरी ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बियाण्याच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. चार-पाच ट्रॅक्टर ठेवून भाड्याचा व्यवसाय करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने त्याचे बघावे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीच्या गावाला जावे लागत नाही. वकील सक्तीचा नाही. ५ ते १० लाखांच्या खरेदीला फी २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. आणि तिथे ती वही कामाला येते. समोरचा म्हणतो रनिंग-इन केले नाही, आपण तारीखवार कामे पुढे ठेवतो. मग सिद्ध करायचे ओझे त्याच्याकडे सरकते.

म्हणून या जिल्हा बैठकीत संघटनेने ज्या मागण्या घ्यायच्या त्या आम्ही मांडतो. डिलिव्हरी म्हणजे फेटा नव्हे. डिलिव्हरी म्हणजे कंपनीच्या मेकॅनिकने शेतकऱ्याच्या रानात अर्धा दिवस ट्रॅक्टर चालवून दाखवणे आणि ५० तासांचे वेळापत्रक मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानावर देणे. पहिल्या सर्व्हिसला 'फ्री' म्हणतात, पण फुकट असते ती मजुरी. ऑइल-फिल्टरचे पैसे शेतकरीच देतो, आणि त्या पैशांसाठीच अनेक जण ती सर्व्हिस पुढे ढकलतात. ते पहिले ऑइल विक्रीच्या किमतीतच धरले पाहिजे. क्लेम नाकारायचा तर लायनरचे आणि रिंगांचे माप घेऊन, कारण लेखी देऊन नाकारावा. तोंडी 'बसत नाही' आम्ही ऐकणार नाही. आणि साखर कारखान्यांनी नव्या ट्रॅक्टरला पहिले ५० तास एकेरी ट्रॉलीची मुभा द्यावी, करारात दंड न लावता.

पण मागण्या मान्य होईपर्यंत इंजिने बिघडत राहू द्यायची का? आमच्याकडे इर्जिक आहे, सावड आहे. एकाचे रान सगळ्यांनी मिळून नांगरायची रीत आपल्याला नवी नाही. तीच उलटी लावू. गावात नवा ट्रॅक्टर आला की त्याचे पहिले ५० तास गावाचे. शेजाऱ्यांनी आपले हलके काम काढावे, कुणाची कुळवणी, कुणाचे शेणखत, कुणाची ज्वारीची पेरणी. डिझेल ज्याचे रान त्याचे, ड्रायव्हर ट्रॅक्टरवाल्याचा, आणि वर एक ठरवलेली किरकोळ रक्कम. दसऱ्यानंतर रब्बीची घाई असते, काम हवे तितके असते. आठ दिवसांत ५० तास भरतात आणि कारखान्याचा बॉयलर पेटेपर्यंत ट्रॅक्टर तयार होतो. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याची पेरणी वेळेवर होते, हा त्यातला दुसरा फायदा, आणि आमच्या मते तो पहिल्यापेक्षा लहान नाही. भाडे धंदेवाईक दराने घेणारे कुरकुरतील. कुरकुरू द्या.

बैठकीला येताना ज्यांनी गेल्या दोन वर्षांत ट्रॅक्टर घेतला आहे त्यांनी सर्व्हिस बुक, डिलिव्हरीच्या दिवशी सही केलेल्या कागदांच्या नकला आणि क्लेम लेखी नाकारला असेल तर ते पत्र, एवढे बरोबर आणावे. तोंडी नाकारला असेल तर तारीख आणि नाकारणाऱ्याचा हुद्दा कागदावर लिहून आणावा. तक्रारीचे मसुदे तिथेच बसून लिहायचे आहेत. आणि ज्यांच्या मीटरवर अजून ५० तास भरलेले नाहीत, त्यांनी निघण्याआधी गेज बघून, आकडा वहीत टिपून यावे.